पत्रिका अजून छापखान्यातच होती

आवाज पोचून राह्यला ना शेवटच्या घरापर्यंत? मग बसा निवांत. मी बुद्धविहारावरचा भोंगा बोलतोय. आजवर मी दुसऱ्यांचंच बोलत आलो. जन्म, मरण, पोलिओचा डोस, ग्रामसभा, हरवलेली म्हैस, सारं सांगितलं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगतोय, तेही हळूहळू. मला घाई जमत नाही. घाईनं बोललो की माझा आवाज फाटतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. अंगानं ॲल्युमिनियमचा, तोंडानं मोठा, आणि अक्कल म्हणाल तर ती पाठीमागच्या गोल डबीत. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षर एक येत नाही. पण जे माझ्याकडं आलं ते मी कधी मोडून सांगितलं नाही, कमी नाही केलं, तिखटमीठ नाही लावलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही.

वाशीमच्या एका दुकानात खिळ्याला टांगलेला होतो. शिरपूर जैनच्या वाटेवरच्या एका गावातून एक उंच, सावळा माणूस मला न्यायला आला. नाव देवमन. तेव्हा त्याचे केस काळे होते. वस्तीतल्या प्रत्येक घरानं पायलीभर ज्वारी काढून दिली होती, ती रिसोडच्या बाजारात विकून माझी खरेदी झाली. म्हणजे मी कोण्या एकाचा नाही. माझ्यात साऱ्या वस्तीची ज्वारी आहे.

एसटीत देवमननं मला मांडीवर घेतलं. टपावर टाकायला त्याचं मन होईना. कंडक्टर आला, माझ्या तोंडात डोकावून म्हणाला, "हे कोन?"

"आमच्या गावचा पाव्हना."

"तिकीट?"

"बोलाले लागला का काढतो," देवमन म्हणाला. सारी एसटी हसली. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं हसू.

विहाराच्या गच्चीवर लोखंडी पाइपला मला बांधलं, तोंड उगवतीकडे. इथून मला सारं दिसतं. वस्ती दिसते, पलीकडची गढीजवळची घरं दिसतात, नाल्यापार हरभऱ्याची वावरं दिसतात. सकाळ-संध्याकाळ वंदना, अन् मधे गावाचा कारभार. बोलणारा देवमन. तोही शाळेत गेलेला नाही. सही करतो ती चार वळणांची. पण माईकसमोर उभा राहिला की आधी दोनदा फुंकर मारायचा, मग प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा. एकदा जवळच्यासाठी, एकदा वावरातल्यासाठी.

इतक्या उंचीवरून माणसं बरी कळतात. एक गंमत सांगतो. आमच्या भागात लग्नाची पत्रिका हाती आली की माणूस नवरीचं नाव वाचत नाही, तारीखही वाचत नाही. बोट थेट खाली जातं, जिथं निमंत्रकांची नावं बारीक अक्षरात छापलेली असतात. आपलं नाव सापडलं की चेहरा उजळतो, पत्रिका घडी करून खिशात जाते. नाही सापडलं की पत्रिका तशीच खाटेवर पडते, अन् माणूस लग्नात जेवतो खरा, पण बुंदी घेत नाही. एका नावापायी भावाभावांनी दोन-दोन वर्षं रामराम सोडलेला मी पाहिला आहे. मला हसू यायचं. याच खोडीपायी एक दिवस सारं गाव खड्ड्यात जाणार होतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

मग मोबाईल आले. आधी बटनांचे, मग काचेचे. देवमनचा मुलगा उत्कर्ष शिकला, वाशीमला कचेरीत बाबू झाला, रोज मोटारसायकलनं ये-जा करू लागला. त्यानं वस्तीचा ग्रुप काढला. एक दिवस तो बापाला म्हणाला, "बाबा, आता ग्रुपवर टाकलं का झालं. कायले घसा फोडता?"

वंदनेसाठी विहारात लहानसा ब्लूटूथचा डबा आला. तो बरा आहे बिचारा, पण त्याचा आवाज उंबरठ्याबाहेर जात नाही. मी फक्त चौदा एप्रिलला बोलू लागलो. बाकी वर्षभर गप. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. मी राग नाही धरला. तोंड रिकामं असलं की कोणीतरी राहायला येतंच.

देवमन मात्र दर आठवड्याला शिडी लावून वर यायचा, फडक्यानं माझी पाठ पुसायचा. माश्यांना हात लावत नसे. "राहू दे त्याईले. तुले सोबत होते," म्हणायचा.

आता खरी गोष्ट.

उत्कर्षच्या मुलीचं, धम्मदीपाचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर देवमननं स्वतः बसून सांगितला, नावांची यादी चार वेळा बदलली, अन् उत्कर्षनं ती रिसोडच्या छापखान्यात नेऊन दिली. साऱ्या गावाला लग्नाची खबर होती. पत्रिकेची वाट पाहणं चालू होतं. म्हणजे आपापल्या नावाची.

रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. हरभऱ्याची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. लाईन गेलेली. देवमन विहाराच्या पायरीवर बसून होता, तोच गढीजवळचा जगदेवभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. देवमनचा लहानपणापासूनचा सोबती, दोघं एकाच नाल्यात पोहायला शिकलेले. तोंड फुगलेलं. ट्रॅक्टर चालूच ठेवून त्यानं मोबाईल पुढं केला.

"देवमन, नातीची पत्रिका पाठवली ते बेस केलं. पन माहं नाव टाकलं का नाही, ते तं पाहू दे. उघडूनच नाही राह्यली."

"कोन पाठवली?"

"तुह्या पोरानं. हे पाय, उत्कर्षचाच नंबर. लग्नपत्रिका म्हनून आली. दाबली तं म्हनते इन्स्टॉल करा. मंग म्हनते परवानगी द्या. आता पत्रिका वाचाले कायची परवानगी? मी का चोरून वाचून राह्यलो?"

देवमननं मोबाईल हातात घेतला. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. पण एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, जी त्या मोबाईलला ठाऊक नव्हती.

"जगदेव, पत्रिका तं अजून छापखान्यात हाये," तो म्हणाला. "माह्या हातात नाही आली, तं तुह्या हातात कशी आली?"

ट्रॅक्टर बंद झाला.

तेवढ्यात, पत्रिकेचं विचारणारे फोन येऊ लागले म्हणून, उत्कर्ष घरून धावतच आला. चेहरा उतरलेला. देवमन माईकची पेटी उघडू लागला तसा तो आडवा झाला.

"बाबा, थांबा. माईक लावू नोका."

"काहून?"

"ते माह्याच नंबरवरून गेलं. पन मी नाही पाठवलं." मग त्यानं मान खाली घालून सांगितलं. आदल्या दिवशी त्याच्या मोबाईलवर निरोप आला होता की तुमच्या गाडीनं नियम मोडला, दंडाची पावती पाहा. सोबत फाईल होती. घाबरून त्यानं ती उघडली, मागेल त्या परवानग्या देऊन टाकल्या. ती पावती नव्हतीच. पावतीचं सोंग घेतलेलं ॲप होतं. त्यानं फोनमधले निरोप वाचायला सुरुवात केली, बँकेचे ओटीपीसुद्धा. रात्री उत्कर्षचं व्हॉट्सॲप बंद पडलं, ते चोराच्या हाती गेलं. अन् आता त्याच्या नावानं, त्याच्या फोटोसकट, साऱ्या ओळखीच्यांना पत्रिका चालली होती. चोराला काय माहीत, या घरात खरोखरच लग्न आहे. अंधारात मारलेला दगड नेमका लागला होता.

"रात्रीच काहून नाही सांगतलं?" देवमननं विचारलं.

"ऑफिसात लोकं मले इच्यारून फॉर्म भरतात, बाबा. मी कोन्या तोंडानं सांगू का मीच फसलो? खात्यात काही नव्हतं म्हनून वाचलो, गप बसलो. आठ दिवसानं व्याही येनार हायेत. बोभाटा होईल. मी हळूच ग्रुपवर टाकतो."

"ग्रुप कोनाच्या हातात हाये आता?"

उत्कर्षनं हातातला मोबाईल खिशात घातला.

देवमननं विहारासमोर पाहिलं. समोर भागिरथाबाईचं घरकुल होतं. त्याच्या मेलेल्या मित्राची बायको, सारं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेली. भिंती लिंटेलपर्यंत चढलेल्या, वर उघडं आभाळ. दोन पावसाळे तिनं ताडपत्रीखाली काढले ते मी रोज वरून पाहिलेत. स्लॅबचा हप्ता चारच दिवसांआधी तिच्या खात्यात आला होता. पुण्याला कामाला असलेल्या मुलानं तिला काचेचा मोबाईल घेऊन दिला होता, अन् त्यात बँक चालू करून दिली होती उत्कर्षनं. ती आता नाल्यापार हरभरा सोंगत होती. मोबाईल तिच्या कमरेच्या पिशवीत.

"वयनीले वाचता येत नाही," देवमन हळू म्हणाला. "पन घरकुलाच्या यादीत पाहून पाहून तिले सोताचं नाव ओळखू येते. ते नाव शोधाले मोबाईल मागंन ते दाबंन. तिच्या भिंतीवर स्लॅब नाही पडला, तं तो बोभाटा कोनाचा होईल, उत्कर्ष?"

उत्कर्ष बाजूला झाला.

पण लाईन नव्हती. मशीन मुकं. देवमननं जगदेवकडं पाहिलं. जगदेवनं ट्रॅक्टरकडं पाहिलं.

"बॅटरी काढा लागंन," जगदेव पाना शोधत म्हणाला. "पत्रिकेत नावाचा पत्ता नाही, अन् बॅटरी मात्र माही. घे बापा."

तारा जोडल्या. माझ्या पाठीतल्या डबीत कितीतरी महिन्यांनी धग आली. देवमननं दोनदा फुंकर मारली. पहिल्या फुंकरीला माझ्या तोंडातल्या गांधीलमाश्या भर्रकन उडाल्या, दुसरीला पोळंच खाली पडलं. जगदेव डोक्यावर धोतर घेऊन पळाला. अन् मी बोललो.

"ऐका हो, ऐका. मी देवमन बोलून राह्यलो. धम्मदीपाच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर आली असंन, तं ते आमची नाही. ते आमची नाही. आमची पत्रिका अजून छापखान्यात हाये. हे चोराची हाये. तिच्यात कोनाचंच नाव नाही, शोधू नोका. ज्यानं दाबली नाही त्यानं दाबू नोका. ज्यानं दाबली त्यानं लाजू नोका, फोन घेऊन विहारावर या. भागिरथा वयनी, तुमाले पहिले सांगून राह्यलो. हातातला फोन खाली ठेवा. भागिरथा वयनी, हातातला फोन खाली ठेवा."

दोनदा. नेहमीसारखंच, हळूहळू.

वरून मी पाहत होतो. नाल्यापार वाकलेल्या बाया एकेक करून उभ्या झाल्या. एक लुगडं मात्र बांधावर बसलेलंच होतं, मान खाली, काहीतरी डोळ्यांजवळ धरलेलं. दुसऱ्यांदा नाव गेलं तसं ते लुगडं दचकून उठलं.

माझं काम झालं असं मला वाटलं. पण मग जे झालं, त्यासाठी मी आजवर जगलो असं मी म्हणेन. उत्कर्ष पुढं आला, बापाच्या हातून माईक घेतला.

"मी उत्कर्ष. चूक माही झाली. दंडाची पावती म्हनून आलेली फाईल मी उघडली, मी फसलो. अन् रात्री सांगतलं असतं तं तुमच्यापर्यंत हे आलं नसतं. आता ऐका. पत्रिका असो का पावती, फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असं असंन तं ते कागद नाही, ते ॲप हाये. उघडू नोका. ज्यानं उघडलं त्यानं पहिले नेट बंद करा. मंग बँकेले फोन करून खातं थांबवा, अन् पोलिसाईचा सायबर चोरीचा नंबर लावा, एक-नऊ-तीन-शून्य. उशीर करू नोका. लाजून बसू नोका, मी बसलो होतो."

शिकल्यासवरल्या माणसाला साऱ्या गावासमोर ‘मी फसलो’ म्हणायला किती ताकद लागते ते मला ठाऊक आहे, कारण ते शब्द माझ्या घशातून गेलेत. जड होते. देवमन पायरीवर बसला होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली अन् नुसता मुलाकडं पाहत राहिला.

लोक येऊ लागले. सगळ्यांच्या पुढं भागिरथाबाई, धापा टाकत. डोक्यावर पितळी डबा, त्यावर झाकण, झाकणावर दगड.

"काय हाये वयनी?" देवमननं विचारलं.

"चोर," ती म्हणाली. "यातच हाये तो. झाकन उघडू नोका, भाऊजी."

डब्यात मोबाईल होता, शिदोरीच्या भाकरीवर उताणा. एक बटन तिनं दाबून झालं होतं. दुसरं दाबायच्या बेतात असताना माझी हाक गेली. उत्कर्षनं झाकण काढलं, नेट बंद केलं, बँकेला फोन लावला. खातं थांबवलं. हप्ता जसाच्या तसा होता.

"माहं नाव होतं का मंग त्याच्यात?" तिनं विचारलं.

"नाही, काकू."

"मंग काय कामाची पत्रिका," ती म्हणाली, अन् भाकरी झटकून खायला बसली.

सारंच वाचलं असं नाही. माझा आवाज नाल्यापार जातो, रिसोडपर्यंत जात नाही. आमच्या वस्तीतला खेमा त्या दिवशी रिसोडच्या बाजारात होता. त्यानं पत्रिका उघडली अन् त्याच्या खात्यातून पैसे गेले. त्यानं लगेच एकोणीस-तीसवर तक्रार केली म्हणून थोडे वाटेतच अडवता आले. बाकीचे गेले ते गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवसापासून माझ्या तोंडात पोळं झालं नाही. दर रविवारी वंदना झाली की देवमन माईक धरतो. आठवडाभरात कोणाला कसला फोन आला ते लोक येऊन सांगतात, तो ते साऱ्यांना सांगतो. पूर्वी हरवलेली म्हैस सांगायचा, आता हे. एकदा जगदेवभाऊ स्वतः माईकवर आला.

"मले पोलिसाचा फोन आला होता. व्हिडिओवर. टोपी-बिपी घालून. म्हने तुमच्या नावाचं पार्सल सापडलं, तुमी आता अटकेत हा, फोनसमोरून उठू नोका, कोनाले सांगू नोका. मी म्हटलं साहेब, मले म्हशी धुवाच्या हायेत. तुमी इतके मोठे पोलीस, तं या घरी, चहा घ्या, बेड्या घाला. त्यानंच फोन ठेवला."

हसून झाल्यावर देवमननं माईक घेतला. "हसाचं नंतर. पन ध्यानात ठेवा. अटक फोनवर होत नाही. अन् जो म्हनते कोनाले सांगू नोका, तोच चोर. खऱ्या गोष्टीले भोंग्याची भीती नसते."

हे वाक्य त्यानं दोनदा सांगितलं. मी ते आणखी मोठं करून दिलं.

छापलेल्या पत्रिका आल्या तेव्हा देवमननं एकही मोबाईलवर जाऊ दिली नाही. पिशवी खांद्याला लावून घरोघर गेला, गढीजवळच्या घरांतही. जगदेवचं बोट सरळ खाली गेलं. निमंत्रकांत तिसरं नाव. त्यानं पत्रिका घडी करून खिशात ठेवली, परत काढली, परत पाहिली.

"बॅटरीचे उपकार फेडले का?" त्यानं विचारलं.

"नाव पहिलेच होतं रे, येड्या," देवमन म्हणाला. "तुह्यानं चार दिवस दम नाही निघाला."

अन् व्याही? त्यांना सारं कळलंच. धम्मदीपाच्या सासऱ्यानं लग्नात उत्कर्षचा हात धरून म्हटलं, "आमच्या गावातबी एकदा बोला, भोंग्यावर." माझ्यासारखाच एक त्यांच्या विहारावरही गप बसलाय म्हणे.

मागच्या महिन्यात भागिरथाबाईच्या घरावर स्लॅब पडला. पाणी मारायला ती पहिल्यांदा वर चढली. आजवर ती मला खालून पाहायची, आता माझ्या बरोबरीला आली. मधे फक्त गल्ली. बराच वेळ ती माझ्याकडं पाहत राहिली. मग खाली पाहून तिनं हाक मारली.

"भाऊजी, याच्या तोंडावर किती धूळ बसली हो. पुसत नाही का?"

"पाठ पुसतो," देवमन खालून म्हणाला. "तोंडापर्यंत हात नाही पुरत आता."

दुसऱ्या दिवशी ती शिडी चढून आली, अन् पदर ओला करून माझं तोंड आतपर्यंत पुसून गेली.

आता देवमनच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, माझ्याही एका कडेला पोचा आलाय. आम्ही दोघं अडाणी, दोघं सावकाश. जास्त काही मागत नाही. तुमच्या हातातली काच घाई करू लागली, घाबरवू लागली, कोणाला सांगू नको म्हणू लागली, की थोडं थांबा. ज्याचं नाव घेऊन निरोप आला त्याला हाक मारून विचारा, पत्रिका खरंच निघाली का. आणि फसलात तर लपू नका, मोठ्यानं सांगा. आवाज मोठा करायला मी आहेच.